निर्मळ पाण्याचे डाग

नवा तरण तलाव बोअरच्या पाण्याने भरला जातो. पाणी इतके नितळ असते की तळाच्या फरशीच्या सांध्यांमधील रेघा काठावरून मोजाव्यात. संध्याकाळी नियमाप्रमाणे ब्लीचिंग पावडर पडते आणि सकाळी पाहावे तो सारा तलाव कोऱ्या चहासारखा तांबूस. मग चौकशी सुरू होते. कुणी म्हणतो पावडर भेसळीची होती, कुणी म्हणतो टाकी धुतलीच नव्हती. बहुतेक वेळा हे दोन्ही आरोप चुकीचे असतात. रंग आदल्या दिवशीही पाण्यातच होता, पण दिसत नव्हता.

या न दिसणाऱ्या रंगाला एक इतिहास आहे आणि तो आपल्या मराठवाड्याच्या एका कोपऱ्यात फार जवळून वाचता येतो. म्हणून आजचा धागा किनवटपासून.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर-पूर्व टोकाला, पैनगंगेच्या काठाने पसरलेला हा जंगलांचा तालुका. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो नांदेडात नव्हता; हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे. याच तालुक्यात उनकेश्वर आहे. गरम पाण्याचे झरे, ते अडवून बांधलेली कुंडे, शेजारी महादेवाचे देऊळ. आख्यायिका शरभंग ऋषींची आणि रामाच्या बाणाची. त्वचेचे विकार बरे व्हावेत म्हणून माणसे येथे स्नानाला येत आली आहेत. 'ऊन' म्हणजे गरम, हा आपल्या भाषेतला जुना शब्द महाराष्ट्रभर अशा झऱ्यांच्या नावांत टिकून राहिला आहे: कोकणात उन्हवरे, उन्हेरे, खानदेशात उनपदेव, आणि इकडे उनकेश्वर. नकाशावर ही नावे खुणावली तर भूगर्भातील उष्णतेचा एक ढोबळ नकाशाच हाती येतो.

उनकेश्वराचे कुंड हा आपल्या प्रदेशातला एक फार जुन्या प्रकारचा स्नानतलाव आहे, आणि तेथे येणाऱ्या माणसाला पाण्यातील खनिजे हवी असतात. तरण तलावाच्या व्यवस्थापकाला तीच नको असतात. पाणी दोन्हीकडे खडकातून येते. एकाच गोष्टीला एकीकडे गुण आणि दुसरीकडे दोष का म्हणतात, हे समजण्यासाठी थोडे रसायन पाहावे लागेल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी घाबरू नये, मीही त्याच वर्गातला आहे.

जमिनीत खोल, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे पाण्यात विरघळलेले लोह रंगहीन असते. हेच पाणी वर आले आणि त्याला हवा लागली की लोहाचा प्राणवायूशी संयोग होतो, ते विरघळलेले राहू शकत नाही आणि गंजाच्या बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडते. बादलीच्या आतल्या कडेला पडणारे तांबूस वर्तुळ हेच. मँगनीज याच वाटेने जाते. फक्त ते अधिक सावकाश बाहेर पडते आणि डाग काळा-तपकिरी देते. (आदिलाबादच्या बाजूला पैनगंगा नदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकसमूहात मँगनीजचे खनिज सापडते, म्हणजे हा धातू या परिसराला परका नाही.) तांबे पाण्याला निळसर-हिरवी झाक देते. ब्लीचिंग पावडरीतील क्लोरीन हवेपेक्षा कितीतरी जोरकसपणे हेच काम करते. हवेला ज्या कामाला दिवस लागला असता ते क्लोरीन एका रात्रीत उरकते. म्हणून तलाव सकाळी तांबूस. पावडरीने रंग घातला नाही, लपलेला रंग उघडा केला.

आपल्या पूर्वजांना लोहाचे अणू ठाऊक नव्हते, पण पाण्याचा हा स्वभाव ठाऊक होता. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजल शोधण्यावर 'दकार्गल' नावाचा अख्खा अध्याय आहे. त्यात गढूळ, कडू, खारट किंवा बेचव पाण्याच्या विहिरीत टाकण्यासाठी एक मिश्रण सांगितले आहे: अंजन, नागरमोथा, वाळा, कोशातकी, आवळा आणि निवळीची बी. निवळी म्हणजे संस्कृतातील कतक. सुश्रुतसंहितेतही पाणी नितळ करणाऱ्या पदार्थांच्या यादीत कतक आहे. ही बी भांड्याला आतून घासली की पाण्यातील बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. 'निवळणे' या क्रियापदाशी या झाडाच्या नावाचे नाते उघड आहे. आवळ्याचे मला विशेष कुतूहल वाटते. आवळ्यात टॅनिन असते आणि टॅनिनची लोहाशी गाठ पडली की काळे द्रव्य तयार होते. विहिरीत आवळा टाकणाऱ्याने हा काळा रंग कधीतरी पाहिलाच असणार. त्यावरून कुणी लोहाची परीक्षा करत असे, असे मी म्हणणार नाही. तितका पुरावा ग्रंथात नाही.

पण रंगाऱ्यांच्या बाबतीत असा संकोच नको. त्यांनी हे ज्ञान धंद्यात उतरवले होते. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की पक्का काळा रंग येतो. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोह. कलमकारीतील काळी रेघ गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून मिळवलेल्या द्रवाची असते. मंजिष्ठेचा किंवा आलीच्या मुळांचा लाल रंग कापडावर धरावा म्हणून तुरटी लागते, आणि तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचा क्षार. पाण्यात नको तेवढे लोह असेल तर तोच लाल रंग मळकट होतो, म्हणून रंगारी पाणी पारखून वस्ती करीत. डाग आणि रंग यांत रसायनाच्या दृष्टीने काही फरक नाही. फरक असतो तो माणसाला तो कुठे हवा आहे एवढ्याचाच.

आता स्नानतलावांकडे. मोहेंजोदडोचे महास्नानगृह सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आसपास खोल. विटांच्या मागे डांबराचा थर, आणि एका बाजूला पाणी सोडून देण्यासाठी मोठी गटारवाट. ही वाट मला फार महत्त्वाची वाटते. हजारो वर्षे पाण्याची शुद्धता राखण्याचा मुख्य उपाय हाच होता: पाणी वाहते ठेवा, ते जमत नसेल तर सोडून द्या आणि नवे भरा. उनकेश्वरासारख्या झऱ्याच्या कुंडात हे निसर्गच करतो. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोप-अमेरिकेतील सार्वजनिक तलावही भरायचे, मळले की रिकामे करायचे, अशाच पद्धतीने चालत. गाळणयंत्र आणि क्लोरीन आले तेव्हा तेच पाणी महिनोन्महिने फिरवत ठेवणे शक्य झाले. सोय मोठी होती. पण जे पाणी कधी बदलत नाही, त्याचे बाष्प होऊन केवळ पाणी उडते, धातू मागे राहतात. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की वरून पुन्हा बोअरचे पाणी सोडले जाते आणि त्याबरोबर आणखी थोडे लोह येते. मराठवाड्याच्या मे महिन्यात हा हिशेब किती वेगाने वाढत असेल याची कल्पना करावी.

तांबे मात्र बहुधा माणूसच आणतो. १९०४ साली अमेरिकी कृषी खात्याच्या मूर आणि केलरमन या दोघांनी पाणीपुरवठ्याच्या साठ्यांतील शेवाळ मारण्यासाठी मोरचूद वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मोरचूद आपल्या द्राक्षबागायतदारांना नवे नाही. चुन्याबरोबर मिसळले की त्याचेच बोर्डो मिश्रण होते. शेवाळावर त्याचा उपयोग होतो हे खरे, पण मारलेल्या शेवाळाबरोबर तांबे नाहीसे होत नाही. पोहणाऱ्यांचे फिके केस हिरवट होतात त्याचा दोष लोक क्लोरीनला देतात, तो बहुतांशी तांब्याचा असतो. पाण्याचा सामू उतरला, म्हणजे पाणी आम्लधर्मी झाले, तर पाणी तापवण्याच्या यंत्रातील तांब्याची नळीही विरघळू लागते. उलटही होते: हिरवे दिसले की तांबेच, असे नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उड्यांचा तलाव रातोरात हिरवा झाला तेव्हा समाजमाध्यमांवर सर्वांनी आपापली रसायने सुचवली. तेथे कुणीतरी ऐंशी लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले होते. त्याने क्लोरीन निष्प्रभ केले आणि शेवाळाला मोकळे रान मिळाले.

तलाव सांभाळणाऱ्यांचे आजचे उपाय साधे आहेत. भरण्यापूर्वी पाण्यातील लोह, मँगनीज आणि तांबे तपासावे. ते असतील तर पाणी आधी वेगळ्या टाकीत उंचावरून पाडून हवा द्यावी, गंज खाली बसू द्यावा, वाळूतून गाळून मगच तलावात सोडावे. सामू साधारण ७.२ ते ७.६ मध्ये राखावा. धातूंना पाण्यातच बांधून ठेवणारी, बाहेर पडू न देणारी द्रव्ये बाजारात मिळतात. ती धातू काढत नाहीत, फक्त दडवतात, आणि कालांतराने त्यांची पकड सुटते. फरशीवर डाग पडलाच तर त्यावर क जीवनसत्त्वाची गोळी काही क्षण दाबून धरावी. डाग फिका पडला तर तो लोहाचा. हवा, निवळणे आणि गाळणे या तीन पायऱ्या लक्षात असू द्या, कारण हेच तंत्र आता आपल्याला तरण तलावाबाहेर, गावच्या पाणवठ्यावर भेटणार आहे. तेथे फरशीच्या शोभेपेक्षा बरेच काही पणाला लागलेले होते.

मराठवाड्याचा जुना पाणवठा म्हणजे बारव. पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जायचे, घागर बुडवायची. शिल्प म्हणून बारवांवर आपण प्रेम करतो, मीही करतो, पण आरोग्याच्या दृष्टीने या पायऱ्या घातक ठरल्या. नारू झालेला माणूस पाण्यात पाय बुडवी, कृमीची पिल्ले पाण्यात जात, तेथील सूक्ष्म सायक्लॉप्स त्यांना गिळत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने हातभर लांब कृमी तयार होई. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. उपाय ठरला तो पायऱ्या बंद करण्याचा आणि जमिनीखालून, माणसाचा पाय न लागलेले पाणी आणण्याचा. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. त्यामागे पाणी गाळणारी कापडे होती, औषधफवारणी होती, आणि हापसा होता.

हापशाच्या इतिहासात आपल्या भागाचे नाव ठळक आहे, तरी आपण ते क्वचितच सांगतो. साठच्या दशकात आणि १९७२ च्या दुष्काळात कठीण खडकात बोअर घेण्याची यंत्रे आली, पण वर बसवायला टिकाऊ पंप नव्हता. परदेशी ओतीव लोखंडी पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी केलेले. गावाचा भार त्यांना पेलवेना, काही महिन्यांत मोडत. जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या कार्यशाळेत एक सुधारित पंप तयार झाला, तो 'जालना पंप'. मग सोलापुरात त्याहून मजबूत 'सोलापूर पंप' झाला. त्याच्याच आधाराने युनिसेफच्या साहाय्याने सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क २' आकाराला आला, आणि तो देशातच नव्हे तर आफ्रिकेतही गेला. मराठवाडा-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातून जगाला गेलेली ही वस्तू.

आणि हापशाबरोबर डाग आले. पाणी स्वच्छ निघे, घागरीत तासभर राहिले की तांबूस होई. भात पिवळसर दिसे, धोतर-लुगड्यांवर डाग पडत, चहा काळा पडे (पुन्हा टॅनिन आणि लोह). देशाच्या अनेक भागांत बायांनी अशा हापशाकडे पाठ फिरवली आणि त्या पुन्हा उघड्या विहिरीवर, ओढ्यावर गेल्या. अधिकाऱ्यांनी याला अडाणीपणा म्हटले. मला ते तसे वाटत नाही. ज्या बाईला कपडे धुवायचे, स्वयंपाक करायचा, आणि पाण्याची परीक्षा फक्त डोळ्यांनी, जिभेने करायची आहे, तिने डागाळणारे पाणी नाकारणे हा उपलब्ध पुराव्यावर घेतलेला रास्त निर्णय होता. दुर्दैव असे की पुरावा दिशाभूल करणारा होता. पिण्याच्या पाण्यातील लोहाची ०.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही परिचित मर्यादा मुळात चव आणि डाग यांच्यामुळे घातलेली आहे, आरोग्यासाठी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने लोहासाठी आरोग्याधारित मर्यादा ठरवलेलीच नाही. डागांचे पाणी बहुधा निरुपद्रवी होते आणि ज्या उघड्या पाण्याकडे माणसे परतली त्यात पटकी होती, नारू होता.

यात आणखी एक गंमत. पुष्कळ ठिकाणी लोह जमिनीतून येतच नव्हते. पाणी किंचित आम्लधर्मी असेल तर हापशाचे जस्त चढवलेले लोखंडी पाइपच खाल्ले जात आणि रात्रभर पाइपात राहिलेले पाणी सकाळी तांबडे निघे. परीक्षा सोपी आहे: पहाटेचे पहिले पाणी एका भांड्यात घ्यावे, बराच वेळ हापसून मग दुसरे घ्यावे. दुसऱ्यात लोह एकदम कमी झाले तर दोष पाइपाचा, खडकाचा नव्हे. मघा तलावाच्या तांब्याच्या नळीचे जे झाले तेच येथे झाले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आपल्या 'नीरी'ने, हापशाला जोडायची लोह काढणारी छोटी टाकी तयार केली. पाणी पसरून पाडायचे, हवा लागू द्यायची, निवळू द्यायचे, वाळूतून गाळायचे. तरण तलावाच्या त्याच तीन पायऱ्या.

डाग पडतो पण अपाय नाही, अशा पाण्याची ही गोष्ट. तिची उलट बाजू किनवटला दिसते.

दख्खनच्या काळ्या बेसाल्टचे थर पूर्वेकडे पातळ होत जातात आणि किनवटच्या आसपास त्यांच्याखालचा फार जुना ग्रॅनाइट व चुनखडक उघडा पडतो. ग्रॅनाइटातील काही खनिजांत फ्लोरीन असते. पाणी त्यात दीर्घकाळ मुरले, आणि त्या पाण्यात कॅल्शियम कमी असले, की फ्लोराइड विरघळून येते. त्याला रंग नाही, वास नाही, घागरीला डाग नाही. उलट असे पाणी मृदू असते. साबणाला फेस येतो, डाळ लवकर शिजते. डोळ्यांनी आणि जिभेने पाणी पारखणारा माणूस त्याला गावातले उत्तम पाणी म्हणेल. किनवट तालुक्याच्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेच्या वर आढळले आहे. हे पाणी घागर सोडून देते आणि डाग पाडते तो माणसाच्या दातांवर: आधी खडूसारखे पांढरे पट्टे, मग पिवळे, मग तपकिरी. प्रमाण जास्त आणि वर्षे पुष्कळ झाली तर हाडे, विशेषतः पाठीचा कणा ताठरतो, आणि मग माणसाला वाकता येत नाही.

या डागाचे कारण शोधायला जगाला तीस वर्षे लागली. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटायला गेला आणि तेथील माणसांचे तपकिरी दात पाहून चक्रावला. १९०९ मध्ये त्या काळचे नामांकित दंतसंशोधक जी. व्ही. ब्लॅक त्याला येऊन मिळाले. दोघांनी पाहिले की डाग लहानपणीच पडतात. मोठेपणी गावात राहायला आलेल्यांचे दात शुभ्र राहतात. १९२३ मध्ये मॅके आयडाहो राज्यातील ओकली या गावी गेला. तेथील आईबापांचे म्हणणे स्पष्ट होते: पाच मैलांवरच्या एका कोमट झऱ्याचे पाणी नळाने गावात आणले आणि त्यानंतर मुलांचे दात डागाळू लागले. मॅकेने पाणी तपासले, त्यात काही वावगे सापडले नाही. तरीही त्याने तो नळ सोडून द्या असा सल्ला दिला. गावाने तो मानला आणि काही वर्षांत नव्या मुलांचे दात निर्मळ येऊ लागले. प्रयोगशाळा 'काही नाही' म्हणत असताना आईबापांच्या निरीक्षणावर विश्वास ठेवणारा हा माणूस मला या साऱ्या इतिहासात सर्वांत आवडतो.

पुढचा टप्पा धातूमुळे आला. आर्कान्सॉमधील बॉक्साइट हे गाव ॲल्युमिनियम कंपनीचे. तेथेही मुलांचे दात डागाळलेले निघाले. त्या काळी ॲल्युमिनियमची भांडी विषारी असल्याची आवई उठलेली होतीच. डागांचा दोषही आपल्या धातूवर येईल या धास्तीने कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी गावच्या पाण्याची अधिक सूक्ष्म, वर्णपटाच्या साहाय्याने परीक्षा केली. १९३१ मध्ये उत्तर मिळाले ते फ्लोराइडचे. ॲल्युमिनियम निर्दोष सुटले.

त्यानंतर भारताला फार वेळ लागला नाही. १९३७ मध्ये शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातील फ्लोरोसिसवर लेख प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सिद्दिकी यांचा लेख आला, हैदराबाद राज्यातील नलगोंडा जिल्ह्याबद्दल. आता सुरुवातीचा तपशील आठवावा. त्या वर्षी किनवटही हैदराबाद राज्यातच होते. पुढच्या वर्षी राज्याचे तुकडे भाषेनुसार वेगळे झाले. नलगोंडा आंध्र प्रदेशात गेले आणि किनवट मुंबई राज्यात आले. सीमेपलीकडे 'नलगोंडा' हे नाव फ्लोरोसिसचे जणू प्रतिशब्द झाले. त्यावर आंदोलने झाली, निवडणुका लढल्या गेल्या. सीमेच्या अलीकडे मराठवाड्याचे पाणी म्हटले की चर्चा ते किती आहे याचीच होत राहिली, त्यात काय आहे याची क्वचित. दुष्काळाने इतर सारे प्रश्न झाकून टाकावेत हे समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे आपल्याकडील डाग इतिहासाच्या पुस्तकात आला नाही.

उपायाला नाव नलगोंडाचे मिळाले, तरी तो आपल्या नागपूरचा. नीरीने सत्तरच्या दशकात 'नलगोंडा तंत्र' विकसित केले. पाण्यात चुना आणि तुरटी ठरावीक प्रमाणात घालायची, जंतूंसाठी थोडी ब्लीचिंग पावडर, काही मिनिटे ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे, वरचे पाणी काढून घ्यायचे. तुरटीतील ॲल्युमिनियमचा कापसासारखा साका होतो आणि तो फ्लोराइडला धरून खाली बसतो. आर्कान्सॉमध्ये ज्या धातूवर आळ आला होता तोच येथे वैद्य झाला. रंगाऱ्याची तुरटी, निवळीच्या बीचे तत्त्व आणि तलावाची पावडर एका बादलीत एकत्र आली. मात्र हे काम रोजचे आहे. माप चुकले तर ॲल्युमिनियमच पाण्यात राहते, खाली बसलेला साका कुठे टाकायचा हा प्रश्न उरतो, आणि हे सारे रोज करणारी व्यक्ती घरात बहुधा एकच असते. ज्या पाण्यात डोळ्यांना काहीच दिसत नाही त्यासाठी रोज तासभर द्या, असे तिला सांगायचे असते. लोहाच्या हापशाकडे पाठ फिरवणाऱ्या बाईला पटवण्यापेक्षा हे कितीतरी कठीण आहे.

जाता जाता किनवट परिसरात मौखिक इतिहासाचे काम करू पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी एक सूचना. कायमच्या दातांचे दंतवल्क साधारण आठव्या वर्षापर्यंत घडते. डाग त्याच काळात पडतो आणि मग जन्मभर जात नाही. म्हणजे एखाद्या गावात १९७५ मध्ये फ्लोराइडच्या पाण्याचा पहिला हापसा बसला असेल, तर १९६५ पूर्वी जन्मलेल्यांचे दात स्वच्छ असायला हवेत आणि नंतर तेथेच वाढलेल्यांचे डागाळलेले. लग्न होऊन बाहेरून आलेल्या बायांचे दात त्यांच्या माहेरच्या पाण्याचे. अशा गावातील पाणवठ्यांचा कालक्रम ग्रामपंचायतीच्या दप्तरात सापडला नाही, तरी पारावर बसलेल्या माणसांना जन्मसाल आणि लहानपणीचा पाणवठा विचारत गेलो तर तो बराचसा जुळवता येईल. विचारताना दातांकडे बोट दाखवू नये एवढे मात्र पाळावे. वयात आलेल्या मुली फोटो काढताना ओठ का मिटतात हे त्या गावात कुणाला सांगावे लागत नाही.